दोन राउटर, एक गेटवे: राउटर रिडंडन्सीची मांडणी, चाचणी आणि देखरेख

स्थानिक नेटवर्कवरील संगणकाला, प्रिंटरला किंवा सर्व्हरला बाहेर जाण्यासाठी साधारणपणे एकच पत्ता सांगितलेला असतो, तो म्हणजे डीफॉल्ट गेटवे. तो पत्ता ज्या राउटरवर आहे तो राउटर बंद पडला, तर शेजारी दुसरा राउटर सुरू असूनही या उपकरणांना त्याचा उपयोग होत नाही, कारण दुसरा गेटवे शोधून काढण्याची सोय त्यांच्यात सहसा नसते. म्हणून दुसरा राउटर आणून जोडल्याने काम पूर्ण होत नाही. दोघांनी मिळून एकच पत्ता सांभाळायचा आणि एक पडला की दुसऱ्याने तो पत्ता आपणहून उचलायचा, अशी व्यवस्था उभी करावी लागते.

ही व्यवस्था उभी करणे फारसे अवघड नाही. ती शाबूत आहे की नाही हे कळणे मात्र अवघड आहे, कारण तिच्यातला पहिला बिघाड बहुधा कोणाच्या लक्षातच येत नाही. राखीव राउटर मुकाट्याने निकामी होतो, वाहतूक मुख्य राउटरवरून सुरळीत चालू राहते, आणि पुढे कधीतरी मुख्य राउटर पडतो तेव्हा त्याच्या मागे कोणीच उभे नसल्याचे उघड होते. या लेखात मांडणीइतकाच भर चाचणीवर आणि देखरेखीवर दिला आहे, तो याच कारणाने.

प्रोटोकॉलची निवड

हा एकच पत्ता दोघांनी कसा सांभाळायचा याचे नियम ठरवणारे काही प्रोटोकॉल आहेत. त्यांतला व्हीआरआरपी (व्हर्च्युअल राउटर रिडंडन्सी प्रोटोकॉल) हा खुला प्रोटोकॉल १९९८ साली आरएफसी २३३८ मध्ये मांडला गेला; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांची क्रमांकित कागदपत्रे. त्याची तिसरी आवृत्ती २०१० च्या आरएफसी ५७९८ मध्ये आली आणि २०२४ च्या आरएफसी ९५६८ ने तिची जागा घेतली. तिसऱ्या आवृत्तीत आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ हे दोन्ही चालतात. सिस्कोचा स्वतःचा प्रोटोकॉल एचएसआरपी (हॉट स्टँडबाय राउटर प्रोटोकॉल) असून तो आरएफसी २२८१ मध्ये वर्णिला आहे. ओपनबीएसडी आणि तिच्या नात्यातील प्रणालींवर कार्प हा याच कामाचा प्रोटोकॉल वापरतात. लिनक्सवर कीपअलाइव्हडी हा प्रोग्राम व्हीआरआरपी चालवतो.

निवडीचा नियम सोपा आहे: दोन्ही राउटर सिस्कोचे असतील आणि तसेच राहणार असतील तर एचएसआरपी चालेल, एरवी व्हीआरआरपीची तिसरी आवृत्ती घ्यावी. एका जोडीतील दोन्ही राउटरांवर प्रोटोकॉल आणि त्याची आवृत्ती एकच हवी, कारण दुसरी आणि तिसरी आवृत्ती एकमेकींचे संदेश मानत नाहीत.

पत्ता एका राउटरवरून दुसऱ्यावर कसा जातो

व्हीआरआरपीमध्ये सक्रिय राउटर, म्हणजे सध्या पत्ता सांभाळणारा, दर सेकंदाला २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना ऐकू जाणाऱ्या) पत्त्यावर 'मी आहे' असा संदेश पाठवतो. हा संदेश टीसीपी किंवा यूडीपीवरून जात नाही. त्याला आयपी प्रोटोकॉल क्रमांक ११२ स्वतंत्रपणे दिलेला आहे, आणि फायरवॉलच्या नियमांत नेमकी हीच गोष्ट सुटते. राखीव राउटर हे संदेश ऐकत राहतो. तीन संदेशांचा काळ आणि त्यात थोडी भर एवढा वेळ काहीच ऐकू आले नाही, तर तो पत्ता स्वतःकडे घेतो. ही भर त्याच्या प्राधान्यावर, म्हणजे पत्ता कोणी सांभाळायचा हे ठरवणाऱ्या आकड्यावर (मोठा आकडा पुढे), ठरते: २५६ मधून प्राधान्य वजा करून २५६ ने भागायचे. प्राधान्य १०० असेल तर भर सुमारे ०.६ सेकंद येते आणि एकूण प्रतीक्षा सुमारे ३.६ सेकंदांची होते. एचएसआरपीमध्ये संदेशांचे अंतर आणि प्रतीक्षा यांची मूळ मूल्ये अनुक्रमे ३ आणि १० सेकंद असल्यामुळे तिथे प्रतीक्षा लांबते.

पत्ता घेताना नवा सक्रिय राउटर कोणी न विचारताच एक एआरपी संदेश (कोणता आयपी पत्ता कोणत्या मॅक पत्त्यावर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावर, आहे हे सांगणारा) प्रसारित करतो, त्याला ग्रॅट्युइटस एआरपी म्हणतात. व्हीआरआरपीचा आभासी मॅक पत्ता दोन्ही राउटरांसाठी सारखाच असतो: ००-००-५ई-००-०१ आणि शेवटी हेक्साडेसिमल रूपातला गट क्रमांक, म्हणजे त्या राउटरांच्या जोडीला दिलेला क्रमांक. त्यामुळे संगणकांच्या एआरपी नोंदी बदलाव्या लागत नाहीत, फक्त तो मॅक पत्ता आता दुसऱ्या पोर्टवर आहे हे स्विचला कळावे लागते. कीपअलाइव्हडी मात्र आपण वेगळे सांगितल्याशिवाय आभासी मॅक वापरत नाही. तो इंटरफेसचा मूळ मॅकच पुढे करतो, आणि मग प्रत्येक उपकरणाने ग्रॅट्युइटस एआरपी मानून आपली नोंद बदलणे आवश्यक ठरते. जुनी किंवा हट्टी उपकरणे असलेल्या नेटवर्कवर आभासी मॅकचा पर्याय चालू करावा, असे मी सुचवेन.

आणखी एक बारकावा चाचणीच्या वेळी महत्त्वाचा ठरतो. सक्रिय राउटरवरील सेवा शिस्तीत बंद केली तर तो जाता जाता प्राधान्य शून्य असलेला संदेश पाठवतो आणि राखीव राउटर तीन संदेशांची वाट न पाहता लगेच पुढे येतो. वीज गेली किंवा केबल तुटली तर असा निरोप मिळत नाही. म्हणून सेवा बंद करून मोजलेला वेळ हा खऱ्या अपघाताचा वेळ नव्हे.

मांडणीपूर्वी कागदावर ठरवण्याच्या गोष्टी

प्रत्येक उपनेटवर्कसाठी तीन पत्ते लागतात. उदाहरणादाखल १९२.०.२.१ हा आभासी, म्हणजे दोघांनी मिळून सांभाळायचा पत्ता, १९२.०.२.२ हा पहिल्या राउटरचा आणि १९२.०.२.३ हा दुसऱ्याचा स्वतःचा पत्ता धरू. आभासी पत्ता दोघांपैकी एकाचा स्वतःचाच पत्ता ठेवण्याची मुभा व्हीआरआरपी देतो, पण मग त्या राउटरचे प्राधान्य २५५ वर अडकते आणि बाहेरची लिंक तुटल्यावर ते कमी करण्याची सोय उरत नाही. तीन वेगळे पत्तेच ठेवावेत.

गट क्रमांक १ ते २५५ यांपैकी असतो आणि एका उपनेटवर्कवर तो एकाच जोडीचा असावा. त्याच व्हीलॅनवर (स्विचवर आखलेल्या वेगळ्या स्थानिक नेटवर्कवर) फायरवॉलची किंवा लोड बॅलन्सरची दुसरी जोडी तोच क्रमांक वापरत असेल, तर दोन्ही जोड्यांचा आभासी मॅक एकच होतो आणि स्विच गोंधळतो. गट क्रमांकांची नोंद व्हीलॅनच्या नोंदीशेजारीच ठेवावी.

यानंतर केबली कुठून कुठे जातात ते तपासावे. दोन्ही राउटर एकाच स्विचवर, एकाच वीजपट्टीवर आणि एकाच बाहेरच्या लिंकवर असतील, तर प्रोटोकॉल कितीही नीट बसवला तरी बिघाडाची एकच जागा कायम राहते. दोन्ही राउटरांमधले हे संदेश स्थानिक नेटवर्कवरूनच जातात, त्यामुळे मधला स्विच दुभंगला की दोघेही स्वतःला सक्रिय समजतात. दोन स्विचांना जोडणारी लिंक दुहेरी ठेवणे म्हणूनच गरजेचे आहे. स्पॅनिंग ट्री (पॅकेट स्विचांमध्ये गोल फिरत राहू नयेत म्हणून काही लिंक बंद ठेवणारी पद्धत) चालू असेल तर ज्या व्हीलॅनसाठी जो राउटर सक्रिय राहणार आहे, त्याच्या बाजूचाच स्विच त्या व्हीलॅनचा रूट, म्हणजे या पद्धतीचा मध्यबिंदू, ठेवावा, नाहीतर प्रत्येक पॅकेट विनाकारण एका स्विचवरून दुसऱ्यावर फेरी मारून जाते.

प्रत्यक्ष मांडणी

चालू नेटवर्कवर काम करताना पहिला प्रश्न येतो जुन्या गेटवेच्या पत्त्याचा. हजारो उपकरणांवरील गेटवे बदलण्यापेक्षा आजचा गेटवेचा पत्ताच आभासी पत्ता करावा आणि जुन्या राउटरला नवा स्वतःचा पत्ता द्यावा. या अदलाबदलीत काही क्षण वाहतूक थांबते आणि गेटवेचा मॅकही बदलतो, म्हणून हे काम देखभालीच्या ठरलेल्या वेळातच करावे. ज्या उपकरणांवर गेटवेची एआरपी नोंद हाताने घातलेली आहे, ती आधी शोधून ठेवावीत.

पहिल्या राउटरच्या इंटरफेसवर १९२.०.२.२ हा पत्ता द्यावा, व्हीआरआरपीचा गट १० तयार करावा, आवृत्ती ३ निवडावी, आभासी पत्ता १९२.०.२.१ लिहावा आणि प्राधान्य ११० ठेवावे. दुसऱ्या राउटरवर १९२.०.२.३, तोच गट, तोच आभासी पत्ता आणि प्राधान्य १००. संदेशांचे अंतर दोन्हीकडे एक सेकंद. दोन्ही राउटरांच्या फायरवॉलमध्ये, फक्त एकमेकांच्या पत्त्यावरून येणारा प्रोटोकॉल ११२ आत येऊ द्यावा. लिनक्सवर पॅकेट पुढे पाठवण्याची कर्नलची सेटिंग राखीव राउटरवरही कायमस्वरूपी चालू केली आहे ना, हे आवर्जून पाहावे. ती नसेल तर पत्ता हलतो पण वाहतूक तिथेच संपते.

संदेशांचे अंतर कमी करून बदल जलद करण्याचा मोह होतो. तिसऱ्या आवृत्तीत सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत अंतर देता येते, पण राउटरच्या प्रोसेसरवर क्षणभर ताण आला तरी अशा मांडणीत विनाकारण अदलाबदल सुरू होते. एक सेकंदाने सुरुवात करावी आणि मोजमाप हाती आल्यावरच ते अंतर कमी करावे.

मुख्य राउटर परत आल्यावर त्याने पत्ता परत घ्यायचा का, हा पुढचा निर्णय. याला प्रीएम्प्ट म्हणतात. व्हीआरआरपीमध्ये हे मुळातच चालू असते आणि एचएसआरपीमध्ये बंद. प्रीएम्प्ट चालू ठेवायचे असेल तर त्याला विलंब द्यावाच. नुकताच सुरू झालेला राउटर इंटरफेस वर येताच पत्ता मागतो, पण त्याच्याकडे ओएसपीएफ किंवा बीजीपी या मार्ग कळवणाऱ्या प्रोटोकॉलांकडून येणारे मार्ग अजून आलेले नसतात. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये तर पोर्ट वाहतुकीसाठी खुले होण्यासच ३० सेकंद जातात. अशा वेळी चालू असलेला चांगला राउटर बाजूला होतो आणि मार्ग माहीत नसलेला पुढे येतो. विलंब मोजून ठरवावा: राउटर पूर्ण सुरू होऊन सर्व मार्ग शिकायला जेवढा वेळ घेतो, त्याहून थोडा जास्त. दोन्ही राउटर सारख्याच क्षमतेचे असतील तर प्रीएम्प्ट बंद ठेवणे मला अधिक पटते, कारण त्यामुळे एका बिघाडासाठी वाहतूक दोनदा हलत नाही. कीपअलाइव्हडीमध्ये प्रीएम्प्ट बंद करताना त्या राउटरची सुरुवातीची अवस्था 'बॅकअप' लिहावी लागते. ती 'मास्टर' ठेवली तर हा पर्याय लागू होत नाही.

बाहेरची लिंक तुटली तर

इथेच सर्वाधिक मांडण्या फसतात. आतापर्यंतची व्यवस्था राउटर जिवंत आहे का एवढेच पाहते. सक्रिय राउटर चालू आहे पण त्याची बाहेरची लिंक तुटली आहे, अशा वेळी तो पत्ता धरून बसतो आणि येणारे प्रत्येक पॅकेट वाया जाते. यासाठी बाहेरच्या इंटरफेसवर किंवा मार्गावर नजर ठेवून बिघाड झाल्यास प्राधान्य कमी करण्याची सोय असते, तिला ट्रॅकिंग म्हणतात.

यातले गणित नीट करावे लागते. प्राधान्ये ११० आणि १०० असताना बिघाडाला ५ गुण वजा केले तर १०५ उरतात आणि काहीच हलत नाही. १० वजा केले तर दोन्हीकडे १०० होतात, आणि समसमान प्राधान्य असलेल्या सक्रिय राउटरला राखीव राउटर बाजूला करत नाही, म्हणजे तरीही काही हलत नाही. वजाबाकी दोन प्राधान्यांमधील फरकापेक्षा जास्त हवी. या उदाहरणात २० ठीक. शिवाय सक्रिय राउटर चालू असताना त्याच्याकडून पत्ता काढून घेण्यासाठी राखीव राउटरवर प्रीएम्प्ट चालू असावे लागते. वर म्हटल्याप्रमाणे प्रीएम्प्ट बंद ठेवले असेल, तर प्राधान्य घटवण्याऐवजी बिघाड झालेल्या राउटरला थेट 'फॉल्ट' अवस्थेत ढकलणारी तपासणी वापरावी, म्हणजे तो संदेश पाठवणेच थांबवतो.

मात्र या दुसऱ्या पद्धतीत एक मोठा धोका आहे. दोन्ही राउटर बाहेरच्या एकाच पत्त्याला पिंग करून स्वतःची तब्येत ठरवत असतील आणि तो पत्ताच बंद पडला, तर दोघेही फॉल्टमध्ये जातात आणि सुस्थितीतील नेटवर्कवरचा गेटवे नाहीसा होतो. प्राधान्य घटवण्याच्या पद्धतीत दोघांचेही गुण सारखेच कमी होत असल्याने असे घडत नाही. म्हणून तपासणीसाठी प्रत्येक राउटरने आपल्याच बाजूचा पुढचा टप्पा निवडावा, किमान दोन लक्ष्ये ठेवावीत आणि सर्व लक्ष्ये गेल्याशिवाय बिघाड मानू नये. एका चुकलेल्या पिंगवर निर्णय होऊ नये यासाठी सलग तीन अपयशांनंतर बिघाड आणि सलग तीन यशांनंतर सुधारणा, असा नियम लावावा.

राउटर आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंना आभासी पत्ते सांभाळत असेल तर ते एकत्रच हलले पाहिजेत. कीपअलाइव्हडीत यासाठी सिंक ग्रुप आहे. पत्त्यांचे रूपांतर करणाऱ्या किंवा जोडण्यांची स्थिती लक्षात ठेवणाऱ्या राउटरांवर तर हे अनिवार्य आहे. जाणारे पॅकेट एका राउटरवरून आणि उत्तर दुसऱ्यावरून आले, तर दुसऱ्याला ती जोडणी माहीतच नसते आणि तो उत्तर टाकून देतो. पत्ता हलल्यावर चालू जोडण्या टिकाव्यात असे वाटत असेल, तर लिनक्सवर कॉनट्रॅकडी वापरून जोडण्यांचा तक्ता दोन्ही राउटरांवर सतत सारखा ठेवावा लागतो.

साध्या राउटरांवर उत्तर राखीव राउटरवरून येणे चालून जाते, पण त्यातून एक वेगळाच त्रास उद्भवतो. सिस्कोच्या राउटरवर एआरपी नोंद मुळात चार तास टिकते, तर स्विच मॅक पत्त्याची नोंद ३०० सेकंदांत विसरतो. राखीव राउटरच्या बाजूच्या स्विचला त्या संगणकाकडून काहीच ऐकू येत नसल्याने तो उत्तराची पॅकेट सर्व पोर्टांवर पाठवू लागतो. एआरपीची मुदत मॅक नोंदीच्या मुदतीपेक्षा कमी केली की हे थांबते.

आयपीव्ही६ साठी आभासी पत्त्यांत पहिला लिंक-लोकल (फक्त त्या स्थानिक नेटवर्कपुरता चालणारा) पत्ता असावा आणि राउटर ॲडव्हर्टाइजमेंट, म्हणजे राउटर स्वतःला जाहीर करतो तो संदेश, त्याच पत्त्यावरून जावी. राउटर आभासी यंत्रांवर चालत असतील तर आभासी स्विचवर मॅक बदलण्याची परवानगी द्यावी लागते. आणि जिथे मल्टिकास्ट चालत नाही, अशा ठिकाणी कीपअलाइव्हडीमध्ये समोरच्या राउटरचा पत्ता देऊन युनिकास्ट, म्हणजे थेट त्याच एका पत्त्यावर संदेश पाठवणे, वापरावे.

चाचणी

आतल्या एका संगणकावरून बाहेरच्या स्थिर पत्त्याला दर ०.२ सेकंदाला पिंग चालू ठेवावे. हरवलेल्या उत्तरांना ०.२ ने गुणले की खंडाचा काळ मिळतो. त्याच वेळी एक मोठी फाइल उतरवत ठेवावी, म्हणजे चालू जोडण्या टिकतात की तुटतात हेही कळेल.

यानंतर एकेक बिघाड मुद्दाम घडवावा आणि प्रत्येकानंतर सर्व काही मूळ स्थितीत आणावे. सक्रिय राउटरची वीज बंद करणे, त्याची आतली केबल काढणे, बाहेरची केबल काढणे, बाहेरची केबल तशीच ठेवून पुढच्या टप्प्याकडून उत्तरे थांबवणे, आणि दोन स्विचांमधली लिंक तोडणे, या पाचांचे परिणाम वेगवेगळे असतात. चौथी चाचणी बहुतेक वेळा वगळली जाते, आणि प्रत्यक्षात तोच बिघाड फार आढळतो: लिंकचा दिवा हिरवा, पण पलीकडे काहीच पोहोचत नाही. परतीच्या प्रवासाचा खंडही मोजावा. विलंब चुकीचा असेल तर तो जाण्याच्या खंडापेक्षा मोठा निघतो.

देखरेख

व्हीआरआरपीमध्ये फक्त सक्रिय राउटर बोलतो आणि राखीव राउटर गप्प राहतो. याचा अर्थ असा की राखीव राउटर मेला तरी सक्रिय राउटरला ते कधीच कळत नाही, आणि त्याच्या पडद्यावर सर्व काही ठीकच दिसते. एचएसआरपीमध्ये राखीव राउटरही हॅलो संदेश पाठवतो, त्यामुळे तिथे सक्रिय राउटरवर त्याचा पत्ता दिसतो. व्हीआरआरपी वापरणाऱ्याने मात्र प्रत्येक राउटरला त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर वेगळे विचारलेच पाहिजे. केवळ आभासी पत्त्याला पिंग करणारी देखरेख अर्धी व्यवस्था कोसळली तरी हिरवीच राहते.

एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलवरून दोन्ही राउटरांची अवस्था दर मिनिटाला वाचावी. व्हीआरआरपीच्या जुन्या एमआयबीमध्ये (एसएनएमपीवरून वाचता येणाऱ्या मूल्यांच्या यादीत), म्हणजे आरएफसी २७८७ मध्ये, १ म्हणजे प्रारंभ, २ म्हणजे राखीव आणि ३ म्हणजे सक्रिय. तिसऱ्या आवृत्तीसाठी आरएफसी ६५२७ चा एमआयबी आहे. सिस्कोच्या एचएसआरपी एमआयबीमध्ये ५ म्हणजे स्टँडबाय आणि ६ म्हणजे ॲक्टिव्ह. या आकड्यांवरून प्रत्येक गटासाठी एकच नियम लावावा: सक्रिय नेमका एक आणि राखीव नेमका एक. सक्रिय शून्य असेल किंवा दोन असतील तर तातडीचा अलर्ट. राखीव शून्य असेल तर लोकांना अजून त्रास झालेला नसतो, म्हणून रात्री कोणाला उठवू नये, पण त्याच दिवशी दुरुस्ती झाली पाहिजे अशा पातळीवर तो नोंदवावा.

मिनिटाला एकदा पाहणाऱ्या देखरेखीतून काही सेकंदांची अदलाबदल निसटते. म्हणून राउटर किती वेळा सक्रिय झाला हा गणकही वाचावा आणि त्याचा आलेख ठेवावा. तो न सांगता वाढत असेल तर लिंक किंवा प्रोसेसर डळमळीत आहे. चेकसमच्या, आवृत्तीच्या आणि गट क्रमांकाच्या चुकांचे गणकही असतात. त्यांतली वाढ बहुधा त्याच व्हीलॅनवर कोणीतरी नवी जोडी आणल्याची खूण असते. ट्रॅप, म्हणजे राउटर आपणहून पाठवतो ते एसएनएमपी इशारे, चालू ठेवावेत, पण ते यूडीपीवरून जात असल्याने नेमक्या गडबडीच्या क्षणी हरवू शकतात, म्हणून केवळ त्यांच्यावर विसंबू नये.

राखीव राउटर 'राखीव' अवस्थेत आहे एवढ्याने तो कामाचा ठरत नाही. त्याच्या स्वतःच्या पत्त्यावरून बाहेर पोहोचता येते का, त्याच्याकडे अपेक्षित संख्येने मार्ग आहेत का, आणि त्याचे फायरवॉल नियम सक्रिय राउटरशी जुळतात का, हे रोज आपोआप तपासले जावे. एकाच राउटरवर केलेला बदल दुसऱ्यावर करायचा राहून जाणे, हे राखीव राउटर निरुपयोगी होण्याचे अगदी नेहमीचे कारण आहे. दोन्हींच्या कॉन्फिगरेशनची रोज तुलना करून, पत्ते आणि प्राधान्य वगळता इतर फरक दिसला की ईमेल पाठवणारी छोटी स्क्रिप्टही पुरते. निम्मे व्हीलॅन एका राउटरवर आणि निम्मे दुसऱ्यावर सक्रिय ठेवले असतील, तर दोन्हींच्या वाहतुकीची बेरीज आलेखात घ्यावी. ती एका राउटरच्या क्षमतेपलीकडे गेली की एक पडल्यावर दुसराही गुदमरणार.

दोन सक्रिय राउटर असल्याचा अलर्ट आला तर आधी दोन्हींवर पॅकेट टिपून पाहावीत. दोन वेगवेगळ्या पत्त्यांवरून प्रोटोकॉल ११२ चे संदेश निघताना दिसतात पण एकमेकांकडे पोहोचत नाहीत, असे असेल तर दोष मधल्या स्विचमध्ये किंवा त्याच्या मल्टिकास्ट गाळणीत आहे. संदेश पोहोचतात पण मानले जात नाहीत, असे असेल तर फायरवॉल, आवृत्ती, आभासी पत्त्यांची यादी आणि संदेशांचे अंतर या क्रमाने तपासावे. दोन्ही राउटरांची घड्याळे एनटीपीने जुळवलेली असतील तरच दोघांच्या लॉगमधून कोण आधी हलला हे कळते.

देखरेखीचा सर्व्हर याच गेटवेच्या आत असेल आणि अलर्टही त्याच लिंकने बाहेर जात असतील, तर गेटवे गेल्याची बातमी कोणापर्यंतच पोहोचत नाही. निदान एक तपासणी बाहेरून चालवावी, आणि अलर्टसाठी मोबाइल मॉडेमसारखी वेगळी वाट ठेवून तीही महिन्यातून एकदा वापरून पाहावी.